पाठमोरे साहेब

माझ्या नोकरीची मुलाखत एका पाठीनं घेतली.

तेव्हाच्या उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, डाक बंगल्यात मी शिरले तेव्हा खिडकीकडं तोंड करून एक उंच, वाळका माणूस उभा होता. पायात मोजे आणि मोज्यांवर चपला. मी म्हटलं, "नमस्कार सर." पाठ म्हणाली, "बसा. इंग्रजी येतं?" मी बी.एस्सी. सांगितली, कॉलेजातली वक्तृत्व स्पर्धा सांगितली, त्यात मिळालेला पेलासुद्धा सांगितला.

"ते नाही विचारलं. एखाद्या ठिकाणी अडलं तर 'अडलं' म्हणून सांगता येतं का?"

"मला सहसा अडत नाही," मी म्हणाले.

पाठ हलली. खांद्यापासून सुरू होऊन कमरेपर्यंत एक बारीक लाट गेली. हसले होते. पाठ हसताना कशी दिसते ते पुढं मला चांगलं कळायला लागलं.

तुम्हाला त्या वेळची मी दाखवायला पाहिजे होते. डोळ्यांवर सोलापूरहून आणलेला काळा चष्मा, पायात टाचेच्या चपला, काखेत शब्दकोश. भूमच्या माळावर उन्हात ती पोरगी अशी चालायची की जणू तिच्या येण्याची वाट बघत दुष्काळ थांबलाय. आज भेटली तर आधी तिचा चष्मा काढून माझ्या नाकावर लावीन आणि मग पोट दुखेस्तोवर हसेन.

काम असं होतं. परदेशातली एक संस्था आपल्याकडच्या दुष्काळी भागाला मदत द्यायची. तलाव, रस्ते, झाडं. त्या सुमारास त्या लोकांत एक नवी पद्धत निघाली होती. काम मंजूर करण्याआधी त्या कामानं माती-पाणी, झाडं-जनावरं आणि माणसं यांचं काय होईल, ते कुणीतरी तपासून लिहून द्यायचं. त्या लिहिण्याखाली सही करणारे हे साहेब, आणि मी त्यांची दुभाषी. ते धारवाडकडचे. मराठी सगळं समजायचं, बोलताना मात्र पुरुषाची बाई आणि बाईचं भांडं करून टाकायचे. इथं मी त्यांचं बोलणं नीट करून देतेय. दुभाष्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

पाठीचं कारण त्यांनी मला पहिल्याच दौऱ्यात सांगितलं. "समोरून विचारलं की माणूस आपलं तोंड वाचतो. आपल्याला काय ऐकायचंय ते ओळखून तेवढंच देतो. पाठीवर काही लिहिलेलं नसतं."

त्यामुळं गावोगावी एकच देखावा. पारावर माणसं बसलेली, साहेब त्यांच्याकडं पाठ करून उभे, आणि मधे मी. म्हाताऱ्या माझ्या पदराला धरून विचारायच्या, "रुसलाय का गं ह्यो?" तामलवाडीला एक पाटील हट्टाला पेटला. तोंड बघितल्याबिगर बोलायचंच नाही म्हणाला. तो समोर आला की साहेब फिरायचे, साहेब फिरले की तो पुन्हा वळसा घालायचा. तेलाच्या घाण्याला जुंपल्यासारखे दोघं फिरत होते आणि मी मधोमध घाण्याच्या खांबासारखी! शेवटी पाटलाला चक्कर आली, तो खाली बसला, आणि बसल्या बसल्या जे खरं होतं ते सगळं सांगून मोकळा झाला.

दुसरी खोड पाण्याची. पाहुण्यापुढं आपल्याकडं घरातलं चांगलं तेच येतं. साहेबांसाठी कुणी वाळा घातलेलं पाणी आणायचं, कुणी भूमच्या बाजारातून रंगीत बाटली. ते हात लावायचे नाहीत. सरळ चुलीपाशी जायचे, बायका पदर सावरत उठायच्या, आणि हे रांजणाकडं बोट दाखवायचे, "लेकरं पितात ते द्या." मग रात्रभर पोट धरून बसायचे. त्यांच्या पिशवीत कागदांपेक्षा ओवा जास्त असायचा. मी एकदा म्हणाले, "साहेब, उकळून तरी प्या." तर म्हणाले, "गाव पितं ते मी प्यायलो नाही, तर लिहू कशावर?"

आणि तिसरी खोड. हिच्यानंच सगळं रामायण घडलं. अहवालावर सही करण्याआधी तो मोठ्यानं वाचायचा. वाचायचा म्हणजे मी, उभ्या उभ्या मराठी करून. आणि कुठं? तर त्या कामात ज्याचं नुकसान होणार असेल, त्याच्या अंगणात. असा कुठला नियम नव्हता. संस्थेच्या दिल्लीच्या ऑफिसात त्यांना हसायचे. तेरच्या अलीकडं एका गायरानावर निलगिरी लावायची योजना होती, तेव्हा आम्ही धनगराच्या वाड्यावर जाऊन त्याच्यापुढं आणि त्याच्या शेळ्यांपुढं वाचन केलं. मी असा काही आवाज लावला होता की पुन्हा पेलाच मिळणार. एवढ्यात एका शेळीनं शेवटचं पान माझ्या हातातून ओढलं आणि खाऊन टाकलं. शिफारशी त्याच पानावर होत्या. मी किंचाळले. साहेब म्हणाले, "असू द्या. तिचंही मत आलं." निलगिरी त्यांनी गायरानावरून हलवून रस्त्याच्या कडेला टाकली. मी मनात म्हटलं, बाई, वेड्याच्या हाताखाली लागलीस.

असं म्हणेपर्यंत आमच्याच गावाचा तलाव आला.

आमचं गाव ओढ्याच्या वरच्या अंगाला. माझे वडील तिथं शाळामास्तर. गावात एक विहीर, तीही संक्रांतीनंतर तळ दाखवायची. मग बायका पार डोंगराच्या कडेला जायच्या. माझ्या आईच्या डोक्यावर मधोमध, घागर बसते तिथले केस विरळ झाले होते. अंबाडा घालताना ती दोन्हीकडचे केस ओढून ती जागा झाकायची. मी परदेशी संस्थेत लागले तेव्हा गावाला वाटलं, आता पोरगी तलाव आणणार. मला तर वाटलंच.

ओढ्यावर गावाच्या खालच्या बाजूला बांध घालायचा असं ठरलं. सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाली, तिचे चेअरमन झाले माझ्या आत्याचे दीर. मदत देणाऱ्या संस्थेची परदेशी मंडळी, माझ्या लागण्याआधी, थंडीत येऊन पाहणी करून गेली होती. ती मंडळी नेहमी थंडीतच येत. हवा छान, ओढ्याला पाणी, ज्वारी पोटरीत आलेली. त्यांनी लिहिलेला अहवाल साहेबांकडं सहीला आला. साहेबांनी तो उघडला, कुठल्या महिन्यात लिहिलाय ते बघितलं आणि बाजूला ठेवला. "चैत्र संपू दे," म्हणाले. गावानं त्यांना घातलेल्या शिव्या मी इथं लिहीत नाही. निम्म्या मलाच होत्या.

वैशाखात आम्ही गेलो. मंजुरीचा तो शेवटचा दिवस होता. दिल्लीचे अधिकारी डाक बंगल्यावर थांबले होते आणि संध्याकाळी सोलापूरहून गाडी धरणार होते. सही त्यांच्या हातात पडली तर तलाव आमचा, नाहीतर तो दुसऱ्या जिल्ह्यात जाणार.

गावानं मांडव घातला होता, नारळ फोडायला आणले होते. चेअरमन हात जोडून म्हणाले, "सायब, एवढं वाचून घ्या, आन् सही करा."

साहेबांनी पाठ केली आणि विचारलं, "वाचायचं कुणाच्या अंगणात? ह्यात कुणाचं नुकसान आहे?"

"कुणाचंच न्हाय की!"

"जिच्यात कुणाचंच नुकसान नाही अशी योजना मी अजून बघितलेली नाही," साहेब म्हणाले आणि छत्री उघडून ओढ्यानं खाली चालायला लागले. मी मागं. वाळूत माझी एक टाच मोडली. मग ती चप्पल हातात घेऊन लंगडत निघाले. काळा चष्मा मात्र डोळ्यांवर तसाच.

वळणापलीकडं ओढ्याच्या कोरड्या वाळूत बायका वाकून बसल्या होत्या. वाळूत हातानं खड्डा करायचा, थांबायचं, तळाला हळूहळू पाणी पाझरतं, ते वाटीनं घागरीत भरायचं. आमच्याकडं त्याला झिरा म्हणतात. ही बौद्धांची वस्ती. कायद्यानं गावची विहीर त्यांचीही होती. पण ह्यांतली बाई विहिरीवर आली की बाकीच्यांच्या घागरी मागं सरकायच्या, कुणीतरी तोंडातल्या तोंडात बोलायचं. वस्तीनं विहिरीचा नाद सोडला आणि वाळू धरली. थंडीत ओढा वाहतो, तेव्हा झिरे दिसत नाहीत. थंडीत आलेल्या माणसांनी गावात विचारलं होतं, "विहिरीचं पाणी कोण पितं?" गावानं सांगितलं, "अख्खं गाव." खोटं कुणीच बोललं नव्हतं. आमच्या तोंडात 'गाव' हा शब्द यायचा तेव्हा त्यात वस्ती नसायचीच.

साहेबांनी पाठ करून विचारलं, "वर बांध घातला तर इथं पाणी येईल?"

गयाबाई म्हणून एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी आधी साहेबांच्या पाठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मास्तरांची पोर ना तू? ह्यास्नी सांग, पानी वरनंच येतंय. वर दाबलं तर खाली कुठनं येईल?"

"वाचा," साहेब मला म्हणाले.

गयाबाईंच्या अंगणात, लिंबाच्या सावलीत वस्ती जमली. मी एका पायात चप्पल घालून बगळा उभा राहावा तशी उभी राहिले आणि वाचायला लागले. तलावात किती पाणी मावेल ते वाचलं. कुठल्या शेतांना मिळेल ते वाचलं. गावाचं नाव आलं, विहिरीचं आलं, मासे आले, डासांवरसुद्धा एक परिच्छेद होता. लोक मन लावून ऐकत होते. पान उलटलं की गयाबाई किंचित पुढं सरकायच्या. त्यांना वाटायचं, आता येईल.

शेवटचं पान वाचून झालं. कुणी उठेना.

"झालं?" गयाबाईंनी विचारलं.

"झालं."

"आन् आमचं कुठंय ह्यात?"

मी पुन्हा पानं चाळली. आहे कुठं ते शोधायला नव्हे, वर बघायला लागू नये म्हणून. एवढी वक्तृत्वातली पेलेवाली, पण तोंडातून शब्द निघेना. साहेबांकडं वळून म्हणाले, "साहेब, अडलं."

"आज तुम्ही कामाला लागलात," पाठ म्हणाली. हसली नाही.

तोपर्यंत वरचं गाव खाली उतरलं होतं. वाचायला खाली गेलेत म्हणजे सही होत नाही, एवढं कुणालाही कळत होतं. पुढं चेअरमन, मागं बायका, बायकांत माझी आई आणि आत्या. पोरांनी आमच्या जीपच्या चाकांची हवा सोडल्याचं कुणीतरी ओरडून सांगितलं. एकजण हातात धोंडा घेऊन उभा होता. मारायचा होता असं नाही, पण टाकतही नव्हता.

"सायब, सही करा," चेअरमन म्हणाले. "आमच्या बाया मरायला लागल्यात."

"बांधाच्या तळातून एक पाइप ठेवा," साहेब म्हणाले. "ओढ्यात सोडलेला, बारा महिने उघडा. मग करतो."

"तलाव बांधायचा आन् त्याला भोक ठेवायचं?"

"हो."

"मग निदान चावी तरी ठेवा. लागंल तवा सोडू, न्हाय तवा बंद."

"चावी नको. चावी आली की चावीवाला येतो."

गलका उठला. आई गर्दीतून पुढं आली. माझ्याशी बोलत होती, पण बघत होती साहेबांच्या पाठीकडं. "इचार त्यास्नी, आमी कुठं जावं? डोंगराला किती वर्सं जावं?" मी भाषांतर केलं नाही. त्यांना कळलं होतं.

सूर्य कलायला लागला होता. गाडी चुकली तर सगळंच संपणार होतं. साहेबांनी छत्री मिटली. मग म्हणाले, "मी पाठमोरा आहे. कोण बोललं ते मला दिसणार नाही, मी कुठं लिहिणारही नाही. खालचं पाणी तोडून तलाव पाहिजे, असं ज्याला म्हणायचंय त्यानं म्हणावं. एकानं जरी म्हटलं तरी अशीच्या अशी सही करतो."

मी हे मोठ्यानं मराठीत सांगितलं. एक जरी 'हो' आलं असतं, तरी त्यांनी सही केली असती. तेवढं मी त्यांना ओळखत होते.

साहेबांनी पाठ केली होती, पण गयाबाईंनी केली नव्हती. वस्तीतलं कुणीच पाठमोरं नव्हतं. रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन त्या बाया समोर उभ्या राहून एकेकाचं तोंड बघत होत्या. आमचं गाव वाळूकडं बघत राहिलं. धोंडा धरलेल्यानं तो कुठं ठेवावा ते न कळून अलगद खाली ठेवला, अंडं ठेवावं तसा.

आई हळूच म्हणाली, "असं कसं म्हणावं तोंडानं."

"पाइप ठेवा," चेअरमन शेवटी म्हणाले. "पण चावीबिगर न्हाय. जिम्मेदारी माझी."

यावर माझी आत्या बोलली. ती दिराला घाबरणारी नव्हतीच कधी. "भावजी, घरातल्या कपाटाची चावी तुमास्नी कवा घावती का? परवा धोतर काढायला कुलूप तोडलंत. आन् तलावाची सांभाळणार व्हय?"

आधी वस्तीतली एक पोरगी फिस्सकन हसली. मग आमच्याकडच्या बायका. मग चेअरमन स्वतः, नाइलाजानं. साहेबांच्या पाठीतून ती बारीक लाट गेली आणि त्यांनी कागदासाठी माझ्यापुढं हात केला. वस्तीबद्दल, झिऱ्यांबद्दल आणि बिनचावीच्या पाइपबद्दल त्यांनी तिथंच, लिंबाखाली, छत्रीवर कागद टेकवून लिहिलं. मी ते वाचून दाखवलं. गयाबाईंनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग सही झाली. चाकांत हवा भरायला ज्या पोरांनी सोडली होती तीच धावली.

डाक बंगल्यावर दिल्लीचे अधिकारी पेटी बांधून उभे होते. त्यांनी अट वाचली आणि साहेबांकडं असं बघितलं की मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. तलाव मंजूर झाला. साहेबांना मात्र त्या संस्थेनं पुन्हा बोलावलं नाही, आणि साहेब नाहीत म्हटल्यावर दुभाषीही नको झाली. मी वडिलांच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. टाचेच्या चपला आत्याच्या पोरींनी खेळायला नेल्या.

तलाव झाला. पहिल्याच पावसात निम्मा भरला, आणि त्या वर्षी आई डोंगराकडं गेली नाही. पाइप वाहत होता. वरची माणसं बांधावर बसून त्या धारेकडं असं बघायची जसं कुणी आपलंच पाणी चोरून नेतंय. वैशाख आला तेव्हा मनगटाएवढी धार बोटाएवढी झाली होती. पाइपातून निघायची आणि लगेच वाळूत गडप व्हायची. वळणापलीकडं वस्तीपर्यंत ती पोचते का, कुणालाच माहीत नव्हतं. आजवरचे झिरे त्या आठवड्यात आटले होते आणि त्या दिवशी गयाबाई नव्या जागी खणणार होत्या.

साहेब एसटीनं आले. जीप नाही, काम नाही, फक्त छत्री आणि ओव्याची पिशवी. मोज्यांवर चपला त्याच. कुणी बोलावलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पाइप केवढा ठेवायचा ते मी अंदाजानं सांगितलं होतं. अंदाज चुकला असेल तर ह्या बायकांना मी फसवलं."

आम्ही ओढ्यात उतरलो. गयाबाई वाळूत बसल्या, पदर खोचला आणि खणायला लागल्या. साहेब त्यांच्याकडं पाठ करून, तलावाकडं तोंड करून उभे राहिले. मी मधे. सवयच ती.

वरची वाळू चुलीतल्या राखेसारखी कोरडी निघाली. गयाबाईंचा हात मनगटापर्यंत आत गेला, मग कोपरापर्यंत.

"काय दिसतंय?" साहेबांनी विचारलं.

"कोरडं," मी म्हणाले.

त्यांनी छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली. गयाबाई पालथ्या झाल्या, खांदा वाळूला टेकला, गाल वाळूला टेकला. हात आतल्या आत काहीतरी चाचपत होता. मग थांबला. त्यांनी डोळे मिटले. ओंजळ वर आली तेव्हा बोटांना चिकटलेली वाळू काळी होती. त्यांनी ती मुठीत दाबली. बोटांच्या फटीतून एक थेंब निघाला आणि मनगटावर आला.

"फिरा की सायब," गयाबाई म्हणाल्या. "तुमचं त्वांड बगून न्हाय सांगत. आलंय."

साहेब फिरले नाहीत. पाठ हसताना कशी दिसते ते मला माहीत होतं. हे हलणं तसं नव्हतं. मी पुढं व्हायला निघाले, तशी गयाबाईंनी ओल्या हातानं माझं लुगडं ओढून मला खाली बसवलं आणि माझ्या हातात वाटी दिली.

"फिरतील सावकाश," त्या म्हणाल्या. "तवर तू भर."